गाडीनें एअर धरली

(नभोवाणीवरून केलेलें भाषण)

ट्रक ही वस्तु आपणांपैकीं प्रत्येकाच्या पाहण्यांतली आहे, पण ओळखीची फारच थोड्यांच्या. सकाळीं दारांत येणारें दूध, मंडईतली भाजी, किराण्याच्या दुकानांतलें धान्य, घर बांधावयाचें असेल तर त्याची वाळू आणि विटा, या सर्वांचा आपल्या घरापर्यंतचा प्रवास बहुधा डिझेलच्या ट्रकांतून झालेला असतो. आणि तो बिनबोभाट होतो म्हणूनच आपण त्याचा कधीं विचार करीत नाहीं. ज्या दिवशीं भाजी दुपारीं येते, आणि तीही मलूल, त्या दिवशीं आपण भाजीवाल्याशीं हुज्जत घालतों. कोठेंतरी एका तळावर पहाटे चार वाजतां एक ट्रक सुरू होण्याचें नाकारीत होता आणि त्याचा चालक हातांत पाना घेऊन बॉनेटखालीं डोकें घालून उभा होता, हें आपल्या गांवींही नसतें.

आज मी त्या पहाटेच्या ट्रकाविषयीं बोलणार आहें. डिझेलचा ट्रक सुरू होण्यास त्रास कां देतो, त्याच्या पंपाला मिळणाऱ्या डिझेलचा दाब कमी कां पडतो, आणि दोष नेमका कोठें आहे हें कसें हुडकावें, एवढाच माझा विषय आहे. हा कारखान्यांतल्या लोकांचा विषय, घरांतल्या माणसांना त्याचें काय, असें कोणी म्हणेल. त्यावर माझें उत्तर इतकेंच कीं ट्रकाचा मालक पुष्कळदां स्वतःच त्याचा चालक असतो, गाडीवर कर्जाचे हप्ते चालू असतात, आणि चुकीच्या निदानाची किंमत त्याला रोख मोजावी लागते. शिवाय ज्या घराच्या तळमजल्यावर डिझेलचें जनित्र बसविलेलें आहे, त्या घरांत हा विषय आपण होऊनच येऊन राहिलेला आहे.

पेट्रोलच्या मोटारींत ठिणगी असते. डिझेलच्या एंजिनांत ठिणगी नाहीं. रुडॉल्फ डिझेल या जर्मन एंजिनियरानें १८९२ सालीं ज्या कल्पनेच्या पेटंटासाठीं अर्ज केला, व १८९७ सालीं ऑग्सबुर्ग येथें जी यशस्वी करून दाखविली, तिचें मर्म असें कीं हवा पुरेशी दाबली तर ती स्वतःच इतकी तापते कीं तिच्यांत सोडलेलें तेल आपोआप पेट घेतें. सायकलच्या चाकांत हवा भरतांना पंपाचें टोंक गरम होतें हें मुलांनाही ठाऊक आहे. तोच प्रकार येथें फार मोठ्या प्रमाणावर घडतो. ट्रकाच्या नळकांड्यांत हवा साधारणतः १६ ते १८ पट दाबली जाते, आणि चालत्या एंजिनांत तिचें उष्णमान ५०० अंश सेंटिग्रेडच्याही वर जातें. त्याच्या निम्म्या उष्णमानावरही डिझेल पेटूं शकतें.

तेव्हां एंजिन सुरू होण्यास तीन गोष्टी जमून याव्या लागतात. तें पुरेशा वेगानें फिरलें पाहिजे. आंतील हवा पुरेशी तापली पाहिजे. आणि त्या तापलेल्या हवेंत नेमक्या क्षणीं मोजकें डिझेल बारीक फवाऱ्याच्या रूपानें शिरलें पाहिजे. पहिलीचा संबंध बॅटरीशीं व सेल्फशीं. एंजिनाला पहिली गति देणाऱ्या विजेच्या मोटरीला आपल्याकडील झाडून सारे चालक 'सेल्फ' म्हणतात, आणि मीही तेंच म्हणेन. दुसरीचा संबंध पिस्टन, रिंगा आणि झडपा यांच्याशीं. तिसरी ही आजच्या भाषणाचा गाभा आहे, आणि बहुतेक भानगडी तेथेंच असतात.

डिझेलचा मार्ग आतां डोळ्यांसमोर आणूं. मी मुद्दाम जुन्या धर्तीचा ट्रक घेतों. १९५४ सालीं जमशेदपूर येथें टाटा व मर्सिडीझ-बेंझ यांच्या सहकार्यानें ज्या ट्रकांची निपज सुरू झाली त्यांच्याच वंशांतला, १२१० या आंकड्यानें ओळखला जाणारा सहा नळकांड्यांचा ट्रक आपल्यापैकीं कित्येकांनीं बालपणीं पाहिला असेल. असे ट्रक आतां विरळ होत चालले असले तरी अगदींच नाहींसे झालेले नाहींत, आणि त्यांची रचना इतकी उघडी आहे कीं शिकणाऱ्याला तसा गुरु मिळणें कठीण.

टाकी चेसिसच्या बाजूला, एंजिनाहून खालच्या अंगाला असते. तेथून एक नळी निघते ती फीड पंपाकडे जाते. हा लहानसा पंप मोठ्या पंपाच्या कुशीला चिकटलेला असतो. टाकींतलें डिझेल ओढून घेणें आणि आंतल्या स्प्रिंगच्या जोरानें तें पुढें ढकलणें हें त्याचें काम. त्याच्याच अंगावर हातानें दाबण्याचा एक दट्ट्या असतो, त्याचें काम पुढें सांगेन. तेथून डिझेल फिल्टरांत गाळलें जातें व मोठ्या पंपांत शिरतें. या मोठ्याला चालक नुसतें 'पंप' म्हणतात, आणि त्या शब्दांत थोडी भीति मिसळलेली असते. कारण ट्रकांतील सर्वांत नाजूक आणि दुरुस्तीस महाग असा हाच भाग. त्यांत प्रत्येक नळकांड्यासाठीं एक प्लंजर असतो, आणि प्लंजर व त्याचें घर यांच्यामध्यें फट असते ती मिलिमीटरच्या दोन-चार सहस्रांशांची. पंपापासून जाड पोलादी नळ्यांनीं डिझेल नोझलपर्यंत पोंचतें व तेथून फवाऱ्याच्या रूपानें नळकांड्यांत. रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यानें १९२७ सालीं असे पंप मोठ्या प्रमाणावर काढण्यास आरंभ केला, आणि डिझेल एंजिनाला लहान व वेगवान होऊन ट्रकांत बसणें त्यानंतरच खऱ्या अर्थानें साधलें. सहा नळकांड्यांचें एंजिन मिनिटाला २००० फेरे घेत असतां हा पंप मिनिटाला ६००० वेळां डिझेल सोडतो, आणि पूर्ण भार असला तरी प्रत्येक वेळचें डिझेल पाण्याच्या एखाद्या थेंबाएवढेंच असतें.

या मार्गाचे दोन भाग पडतात. टाकीपासून मोठ्या पंपाच्या दारापर्यंतचा भाग मंद दाबाचा. तेथें दाब साधारणतः १ ते २ किलो, म्हणजे चौरस सेंटिमीटरला तितके किलोग्रॅम. पंपापासून नोझलपर्यंतचा भाग तीव्र दाबाचा. नोझल उघडण्यासच सुमारें २०० किलो लागतात. लोक भितात तीव्र भागाला. गाडी सुरू होईना कीं बोट पंपाकडे जातें, पंप उतरवून शहरांत तपासणीला धाडला जातो, आणि गाडी आठवडाभर विटांवर उभी राहते. माझें मत असें आहे कीं मंद भाग निर्दोष ठरल्यावांचून तीव्र भागाला पाना लावणें हा गुन्हा समजावा. कारण पंप कितीही उत्तम असला तरी त्याच्या दारांत जें येतें तेंच तो पुढें पाठविणार; दारांत डिझेलबरोबर हवा आली तर त्याची सारी कारागिरी फुकट जाते.

येथें हवेचा स्वभाव लक्षांत घेतला पाहिजे. द्रव पदार्थ जवळजवळ दबत नाहीं. हवा दबते आणि जोर निघतांच पुन्हां फुगते. प्लंजरपुढें हवेचा बुडबुडा असला तर प्लंजर वर जातो तेव्हां तो बुडबुडा आकसतो, खालीं येतो तेव्हां पसरतो, आणि नोझल उघडण्याइतका दाब कधीं उत्पन्नच होत नाहीं. सेल्फ फिरतो, एंजिन घुमतें, बॅटरी उतरते, आणि नळकांड्यांत एक थेंबही जात नाहीं. या अवस्थेला चालकांच्या बोलींत 'गाडीनें एअर धरली' असें म्हणतात. एखाद्यानें राग धरावा, अबोला धरावा, तशी गाडी एअर धरते. हा शब्दप्रयोग ज्यानें प्रथम केला त्याला भाषेचा कान खचित होता.

मंद भागांतील दोष दोनच जातींचे: गळती आणि अडथळा. दोहोंचा परिणाम एकच, दाब कमी. पण दोहोंची वेळ निराळी, आणि निदानाची पहिली किल्ली या वेळेंत आहे. फिल्टर घाणीनें तुंबला असेल, टाकींतल्या जाळीवर गाळ बसला असेल, नळी कोठें चेपली असेल, तर सकाळीं गाडी बहुधा सुखानें सुरू होते. सुरू होण्यास डिझेल लागतेंच किती? पण तीच गाडी भार घेऊन खंबाटकी चढूं लागली, एंजिन डिझेल भराभर मागूं लागलें, कीं तिचा दम तुटतो. गळतीचें उलट आहे. नळींत कोठें सुईच्या टोंकाएवढें छिद्र असेल, तर रात्रभर गाडी उभी असतांना तेथून हवा आंत शिरते आणि नळींतलें डिझेल हळूहळू टाकींत उतरतें. सकाळीं फीड पंपाच्या वांट्याला रिकामी नळी येते. त्यांतच सेल्फवर एंजिनाचे फेरे मिनिटाला दीडशेच्या आसपास, आणि पंप त्याच्या निम्म्यानें फिरणारा. अशा मंद गतींत तो लहानगा फीड पंप हवा काय ओढणार आणि डिझेल काय ढकलणार! एकदां कसेंबसें एंजिन सुरू झालें कीं गति वाढते, आणि येणारी थोडी हवा परतीच्या नळीनें टाकीकडे निघून जाते. मग दिवसभर गाडीला जणूं कांहीं झालेंच नाहीं. अडथळा घाटांत बोलतो, गळती सकाळीं बोलते.

आणि या गळतीची खोडी अशी कीं ती दिसत नाहीं. फीड पंपाच्या अलीकडची नळी ओढीची आहे. तिच्यांत बाहेरच्याहून दाब कमी. तेथील छिद्रांतून चालत्या गाडींत डिझेल बाहेर येत नाहीं, हवा आंत जाते. खालीं थेंब पडलेला नाहीं म्हणून गळती नाहीं, असें म्हणणारा मनुष्य तेथेंच फसतो.

याची एक हकीकत सांगतों. पिंपळगांव बसवंतहून टोमॅटो भरून रात्रीं कसारा घाट उतरून वाशीच्या बाजारांत पहाटे पोंचणारा एक ट्रक होता. मालक हाच चालक, तरुण मुलगा. कांहीं महिन्यांपासून भरणीच्या तळावर संध्याकाळीं गाडी सुरू होण्यास अर्धा अर्धा तास घेऊं लागली. दोनदां तर ती मुळींच सुरू झाली नाहीं, आणि माल बाजारांत पोंचला तो भाव पडल्यावर. टोमॅटोला थांबणें ठाऊक नसतें. मुलानें उधारीनें नवी बॅटरी घेतली. सेल्फ उघडून दुरुस्त केला. एका मिस्त्रीच्या सांगण्यावरून पंप उतरवून तपासणीला पाठविला, तो पंधरवड्यानें परत आला, आणि दोष जेथल्या तेथें. दुसऱ्या मिस्त्रीनें पंप पुन्हां पाठविण्यास सांगितलें, तोही खर्च झाला. शेवटीं गाडी एका म्हाताऱ्या मिस्त्रीपुढें आली. त्यानें बॉनेट उघडण्यापूर्वीं विचारलें, "गाडी रोज त्रास देते कां रे?"

"रोज नाहीं, चाचा. घरापुढें उभी केली कीं पहिल्या सेल्फला उठते. तळावर उभी केली कीं रुसते."

"घरापुढें तोंड कुणीकडे असतें?"

"ओढ्याकडे. उताराला."

"आणि तळावर?"

"चढाला."

म्हातारा पुढें कांहीं बोलला नाहीं. त्यानें ओढीच्या नळीचा एक तुकडा काढून तेथें पारदर्शक रबरी नळी जोडली व एंजिन सुरू करावयास लावलें. नळींतून सोड्याच्या बाटलींत दिसतात तसे बुडबुडे धांवूं लागले. मग तो गाडीखालीं शिरला. चेसिसला नळी जेथें क्लिपनें धरलेली असते, तेथें हादऱ्यांनीं घासून घासून तिला टांचणीच्या अग्राएवढें भोंक पडलें होतें. गाडीचें तोंड उताराला असलें कीं टाकी त्या भोंकाहून उंच, तेव्हां डिझेलचा भार नळी भरलेली ठेवी आणि भोंकांतून थोडा पाझर बाहेर येई. त्यावर धूळ बसून तळहाताएवढा काळा डाग पडला होता. तो डाग पूर्वींच्या दोघांनींही पाहिला होता, आणि तो चाकानें उडविलेला चिखल आहे असें समजून सोडून दिला होता. तोंड चढाला असलें कीं टाकी खालीं, नळी रिकामी, आणि सेल्फची कुरकुर. नळीचा तुकडा बदलला, क्लिपखालीं रबर घातलें. खर्च चहापाण्यांत मोजावा इतका.

या हकीकतींत मला महत्त्वाचें वाटतें तें म्हाताऱ्याचें कौशल्य नव्हे, तर त्या मुलाची साक्ष. गाडी कोठें त्रास देते हें त्याला महिनाभर ठाऊक होतें; त्याला कोणी विचारलेंच नव्हतें. आपल्याकडे गाडी चालविणाऱ्याचा शब्द तिची दुरुस्ती करणारा सहसा ऐकून घेत नाहीं, आणि मालक जर निराळा असला तर तोही ऐकत नाहीं. त्या मौनाची किंमत पंपाच्या दोन तपासण्यांइतकी झाली.

आतां रीत सांगतों. गाडी सुरू होत नसतांना प्रथम धुराकडे पाहावें. सेल्फ फिरत आहे आणि धुराड्यांतून कांहींच निघत नाहीं, तर डिझेल नळकांड्यांपर्यंत पोंचतच नाहीं. दोष टाकीपासून पंपापर्यंतच्या मार्गांत शोधावा. पांढरा धूर निघत असेल तर डिझेल पोंचतें पण पेटत नाहीं. हवा पुरेशी तापत नाहीं, सेल्फ मंद आहे, किंवा डिझेल सुटण्याची वेळ चुकली आहे. एवढ्या एका पाहण्यानें अर्धा ट्रक संशयांतून मुक्त होतो. टाकीचें झांकण उघडून पाहण्यासही विसरूं नये. टाकींत डिझेल आहे कीं नाहीं हें तर झालेंच, पण झांकणाला जें हवेचें बारीक छिद्र असतें तें चिखलानें बुजलें असतां टाकींत पोकळी होते, गाडी तासभर चालून बंद पडते, आणि थोडा वेळ उभी केली कीं पुन्हां सुरू होते. झांकण उघडतांना सुस्कारा ऐकूं आला तर दोष सांपडला.

त्यानंतर तो हातदट्ट्या. फिल्टरच्या माथ्यावरचा लहान स्क्रू ढिला करून दट्ट्या दाबीत राहावें. प्रथम फेंस येतो, मग फेंसाळ डिझेल, मग अखंड धार. धार आली कीं स्क्रू आवळावा. याला एअर काढणें म्हणतात. एअर काढल्यावर गाडी सुरू झाली आणि दुसऱ्या दिवशीं पुन्हां तोच प्रकार झाला, तर रोज एअर काढीत बसणें म्हणजे फुटक्या घागरींत पाणी भरणें होय. हवा कोठून येते तें शोधलें पाहिजे. दट्ट्या कितीही दाबला तरी हाताला जोर लागतच नाहीं, असें असेल तर ओढीची नळी मोकळी आहे किंवा फीड पंपाच्या आंतील झडपांवर कचरा बसला आहे. तांब्याच्या जुन्या वॉशर पुन्हां पुन्हां वापरणें हें गळतीचें फार मोठें कारण आहे. एकदां आवळलेली वॉशर कडक होते व दुसऱ्यांदा नीट बसत नाहीं. पण ती फेंकून देण्यास हात धजत नाहीं.

याहून खात्रीची गोष्ट म्हणजे माप. फिल्टर आणि पंप यांच्यामध्यें दाबमापक लावावा. दाब पुस्तिकेंत दिल्याइतका असेल तर मंद भाग निर्दोष, आतां पंपाकडे खुशाल पाहा. कमी असेल तर मापक फिल्टरच्या अलीकडे लावावा. तेथें दाब ठीक आणि पुढें कमी, तर फिल्टर तुंबलेला. दोन्हीकडे कमी, तर परतीची नळी क्षणभर चिमटून पाहावी. दाब एकदम चढला तर परतीच्या तोंडाशीं असलेली, जादा डिझेल सोडणारी झडप उघडी अडकून राहिली आहे. डिझेल पंपांत न राहतां सरळ टाकींत परत जात होतें. हें चिमटणें फक्त जुन्या पंपापुरतें. तेंही नसेल, तर पांच लिटरचा स्वच्छ कॅन घ्यावा, त्यांत गाळलेलें डिझेल भरून तो एंजिनाहून उंच बांधावा, आणि टाकीकडची नळी सोडवून फीड पंपाला कॅनची नळी जोडावी. गाडी झटकन सुरू झाली तर दोष टाकी व ओढीची नळी यांत. न झाली तर फीड पंपांत. एका कॅनची ही युक्ति मला सर्वांत सुंदर वाटते. तींत एकही भाग विकत घ्यावा लागत नाहीं.

कांहीं गाड्यांची तऱ्हा उलटी असते. सकाळीं थंडपणीं सुखानें सुरू होतात, पण ढाब्यावर जेवणासाठीं थांबवून अर्ध्या तासानें सेल्फ मारला तर दाद देत नाहींत. गरम डिझेल पातळ असतें. प्लंजरच्या बाजूची फट झिजून वाढली असेल तर तें तेथून निसटतें, आणि सेल्फच्या मंद गतींत दाब साधत नाहीं. बंद एंजिनाच्या पंपावर ओलें फडकें ठेवून थोड्या वेळानें गाडी सुरू झाली तर पंप झिजला असें समजावें. येथें मात्र पंपाची दुरुस्ती टळत नाहीं. परंतु पंप झिजतो कां? घाणीनें, पाण्यानें आणि भेसळीनें. पंपांतील पोलादाला वंगण असतें तें खुद्द डिझेलचेंच. त्यांत रॉकेल मिसळलें कीं वंगणाचा अंश कमी होतो. रॉकेल स्वस्त आणि डिझेल महाग असतांना ही भेसळ करणाऱ्यांच्या टोळ्या आपल्या राज्यांत माजल्या होत्या. २५ जानेवारी २०११ रोजीं मनमाडजवळ पानेवाडी येथें तेलाची भेसळ उघडकीस आणूं पाहणारे मालेगांवचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आलें. एखाद्या ढाब्यासमोर गरम ट्रक सुरू होत नाहीं, या क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीच्या मागें इतकें मोठें पाप उभें असूं शकतें.

पाण्याविषयीं थोडें. पावसाळ्यांत अर्धी रिकामी टाकी रात्रीं आंतून घामेजते; तें पाणी तळाशीं बसतें, गंज धरतें, आणि पाणी व डिझेल यांच्या सांध्यावर सूक्ष्म जंतु वाढून बुळबुळीत शेवाळासारखा थर होतो, तो फिल्टर तुंबवितो. टाकी रात्रीं भरून ठेवणें आणि पाणी वेगळें करणाऱ्या वाटीचा स्क्रू सकाळीं सोडणें, एवढ्यानें तें टळतें. थंडीनें डिझेल गोठण्याची भीति महाराष्ट्रांत नाहीं. लडाखांत आहे, आणि तेथल्यासाठीं इंडियन ऑइलनें २०१९ सालीं उणें ३३ अंशांपर्यंत वाहतें राहणारें खास हिंवाळी डिझेल काढलें. पण थंडीच्या सकाळीं एंजिनाच्या हवेच्या तोंडाशीं पेटता बोळा धरण्याची जी चाल आपल्या रस्त्यांवर दिसते, ती गाडीला वाईट आणि माणसाला त्याहून वाईट.

नव्या गाड्यांची रचना बदलली आहे. १ एप्रिल २०१७ पासून देशभर भारत स्टेज ४ चे आणि १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ चे नियम लागू झाले, आणि नव्या ट्रकांतून तो जुना पंप गेला. आतां एका जाड नळींत, जिला कॉमन रेल म्हणतात, डिझेल १६०० किलो किंवा त्याहूनही अधिक दाबानें सांठवून ठेवलेलें असतें, आणि एंजिनाचा संगणक प्रत्येक नोझल विजेनें उघडतो. सेल्फ फिरत असतां त्या नळींतील दाब ठरलेल्या मर्यादेपर्यंत, बहुधा २०० किलोंच्या आसपास, चढल्यावांचून संगणक डिझेल सोडीतच नाहीं. म्हणून अशी गाडी एअर धरते तेव्हां धूर नाहीं, खोकला नाहीं, कांहीं नाहीं. मिस्त्री स्कॅनर लावतो. पडद्यावर उमटतें 'रेलचा दाब कमी', आणि पुष्कळदां लगेच तीव्र दाबाचा महाग पंप मागविला जातो. वास्तविक स्कॅनरनें सांगितलें तें लक्षण, रोग नव्हे. ताप आहे एवढें तापमापक सांगतो. फिल्टर तुंबला असेल, टाकीकडून हवा येत असेल, किंवा एखादा नोझल परतीच्या वाटेनें डिझेल गळूं देत असेल. तिन्हींत पडद्यावरचे शब्द तेच. नोझलांची परत मोजण्यासाठीं प्रत्येकाला एक लहान काचेची नळी जोडतात, आणि जी इतरांपेक्षां लवकर भरते तिचा नोझल दोषी. मात्र त्याही अगोदर फिल्टर व ओढीची नळी पाहावी. टाकीकडून सुरुवात करण्याचा जुना नियम येथेंही सुटत नाहीं.

आपल्या तळमजल्यावरच्या जनित्राचेंही हेंच. महिनोन् महिने न चालविलेलें जनित्र वीज जातांच सुरू होत नाहीं, उद्वाहन मध्येंच थांबतें, आणि रखवालदारावर सारे ओरडतात. त्याच्या नळींतलें डिझेल केव्हांच टाकींत उतरलेलें असतें. महिन्यांतून एकदां तें भार देऊन चालवावें, आणि वॉशर बदलल्या कां, फिल्टर केव्हां बदलला, हें वार्षिक सभेंत रंगाच्या खर्चाबरोबर विचारावें.

शेवटीं एक सूचना, आणि ती घरांतल्या प्रत्येकानें ऐकण्यासारखी आहे. नोझलांतून निघणारा फवारा धुक्यासारखा दिसतो; पण त्याखालीं हात धरला तर तो कातडी भेदून डिझेल आंत घालतो, मग पंप जुना असो कीं नवा. कॉमन रेलच्या गाडीचीं जाड नळ्यांचीं बिरडीं एंजिन फिरत असतां सैल करून पाहणें म्हणजे हाताशीं खेळणें होय. जखम टांचणी टोंचल्यासारखी दिसते, पहिले कांहीं तास फारशी दुखतही नाहीं, आणि म्हणूनच माणूस हात पुसून कामाला लागतो. आंत डिझेल पसरत असतें. उशीर झाला तर बोट, कधीं हातही, गमवावा लागतो. आपल्या ओळखीचा कोणी चालक किंवा मिस्त्री असा टोंचलेला हात दाखवील तर हळद लावूं नये, शेक देऊं नये. त्याच घटकेला त्याला शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयांत न्यावें, आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगावें कीं ही जखम दाबाखालच्या डिझेलची आहे.